यमूचें गोत्र

वाचकांपैकीं पुष्कळांचा असा अनुभव असेल कीं, ज्यांच्याशीं वर्षानुवर्षें जाणेंयेणें होतें, ज्यांच्या पंक्तीस आपण शेंकडों वेळां बसलों, त्यांचे चेहरे हळूहळू पुसट होत जातात. आणि जें माणूस कधीं जन्मासच आलें नाहीं, कोणा ग्रंथकाराच्या लेखणींतून तेवढें उतरलें, तें मात्र मनांत घरच्या माणसासारखें ठाण देऊन बसतें. असें कां व्हावें याची मीमांसा साहित्यशास्त्रज्ञांनीं पुष्कळ केली आहे, व ती येथें पुन्हां उगाळण्याचा आमचा विचार नाहीं. आम्हांस सांगावयाची आहे ती एका घरांतील हकीकत. कै. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरींतील यमू आमच्या सुप्याच्या घरीं आली, सहा वर्षें राहिली, आणि तिच्यापायीं आमच्या वडिलांस व उपाध्यायांस एका धर्मशास्त्रीय पेंचांतून वाट काढावी लागली.

ज्यांनीं ही कादंबरी वाचली नसेल, आणि अलीकडे अशांची संख्या थोडी नाहीं, त्यांच्याकरितां दोन शब्द सांगणें अवश्य आहे. हरिभाऊंचा जन्म १८६४ सालीं खानदेशांत पारोळें येथें झाला. १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढिलें आणि त्याच वर्षापासून १८९३ पर्यंत त्यांत ही कादंबरी क्रमाक्रमानें प्रसिद्ध झाली. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा झाला. म्हणजे ज्या दिवसांत त्या बिलावरून पुण्यांत रणें माजलीं होतीं, त्याच दिवसांत यमूची कहाणी ‘करमणुकी’च्या अंकांतून घरोघर जात होती. ही कहाणी यमू स्वतःच सांगते. लहानपण, दादावरचें प्रेम, आईची माया, बापाचा धाक, दुर्गी नांवाची मैत्रीण व तिच्या वाट्यास आलेला संसार. मग यमूचें लग्न, सासरचा जाच, आणि त्यांतून रघुनाथरावांसारख्या सुविचारी पतीबरोबर मुंबईस काढिलेले थोडे सुखाचे दिवस. रघुनाथराव जातात, यमू पुन्हां सासरच्या हातीं सांपडते, शंकरमामंजी बळजबरीनें तिचें केशवपन करवितात, आणि त्यानंतर तिचा शेवट फार दूर राहत नाहीं. कथानक एवढेंच.

आमचें बालपण सुप्यास गेलें. सुपें आतां बारामती तालुक्यांत मोडतें; पण बारामती म्हटलें म्हणजे हल्लीं लोकांच्या डोळ्यांपुढें उंसाचे मळे व कारखाने येतात, तें चित्र इकडे लावूं नये. सुप्याकडचा प्रदेश जिराईत. पाऊस बेताचा, पीक बाजरी-ज्वारीचें, आणि गांवाबाहेर कुसळांचे माळ. त्या माळांवर चिंकारा हरिणें आहेत व त्यांच्याकरितां १९९७ सालीं सरकारनें मयूरेश्वर नांवाचें लहानसें अभयारण्यही केलें आहे; आमच्या लहानपणीं तीं हरिणें कोणाच्या हुकुमावांचूनच हिंडत असत.

इतिहासांत या गांवाचें नांव दोनदां ठळकपणें येतें. शहाजीराजांच्या जहागिरींत सुपें परगणा होता, आणि तेथें संभाजी मोहिते, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या सावत्र आईचे भाऊ, अंमलावर होते. शिमग्याचा पोस्त मागण्याच्या मिषानें महाराज मामांकडे गेले आणि त्यांनीं मामांनाच कैद करून ठाणें हातीं घेतलें, असें सभासद सांगतो. (मामा-मामंजींना वेळींच आवरावें, ही बुद्धि सर्वांनाच होती तर आमची पुढची हकीकत लिहिण्याचें कारण पडतें ना.) दुसरी गोष्ट १२ मे १८७५ ची. तेव्हां सुपें भीमथडी तालुक्यांत होतें. त्या दिवशीं सुप्याचा बाजार होता. भोंवतालच्या गांवांतले कुणबी जमले आणि त्यांनीं सावकारांचीं घरें व दुकानें फोडून खतें, रोखे व वह्या बाहेर काढून जाळल्या. तेथून तें लोण पुणें व नगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरलें; सरकारनें चौकशीस कमिशन नेमिलें आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांकरितां निराळा कायदा केला. या दंग्याची एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. लोकांचा रोख माणसांच्या जिवापेक्षां त्यांच्या कागदांवर अधिक होता. आणि दुसरी अशी कीं, पुष्कळ ठिकाणीं गांवकऱ्यांनीं सावकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्यानें त्यांची हजामत करूं नये, पाणक्यानें त्यांच्या घरीं पाणी भरूं नये, असें ठरविलें. न्हाव्याचा हा उल्लेख वाचकांनीं विसरूं नये. पुढें त्याचें काम आहे.

आमच्या पणजोबांनीं बाजारांतला तो जाळ डोळ्यांनीं पाहिला होता. कागद जळत असतां त्यांवरची शाई आधीं तांबडी होते व मग कागद काळा पडतो, असें ते सांगत म्हणे. हें आम्हीं ऐकिलें तें त्यांच्या मुलीच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या धाकट्या बहिणीच्या तोंडून. घरांत मोठीं माणसें त्यांस आत्या म्हणत. आम्ही मुलें आत्याआजी म्हणत असूं.

आत्याआजींचें लग्न नवव्या वर्षीं झालें. सासर भीमेकांठच्या एका लहान गांवीं. लग्नानंतर त्या दोन सणांस तेथें जाऊन आल्या असतील नसतील, तोंच १८९९ सालीं नवरा प्लेगानें गेला. तेव्हां त्यांस बारावें वर्ष होतें. सासरच्या घरांत प्लेगानंतर दिवा लावण्यास माणूस उरलें नाहीं, म्हणून त्या सुप्यास आल्या त्या कायमच्याच. पंधराव्या वर्षीं त्यांचें केशवपन झालें. त्यापुढील एकसष्ट वर्षें त्यांनीं लाल आलवण, एकभुक्त, आणि माजघरांतली घोंगडी यांवर काढिलीं. त्या वेळीं हिंगण्यास अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम नुकताच उभा राहिला होता. सुप्याहून तें अंतर बैलगाडीनें दोन-तीन मुक्कामांचें. पण अंतर गाडीच्या मुक्कामांनीं मोजण्याचें हें प्रकरण नव्हे.

त्यांस अक्षरओळख नव्हती. परंतु पाठांतर असें कीं, ऐकणारानें थक्क व्हावें. श्रीधराच्या ‘हरिविजया’चे अध्यायच्या अध्याय त्यांस मुखोद्गत होते आणि मोरोपंतांच्या आर्या तर दळतां-कांडतां चालत. पंत बारामतीस राहिले, म्हणून त्यांच्याविषयीं त्या शेजारच्या आळींतल्या माणसाविषयीं बोलावें तशा बोलत.

१९५७ सालच्या उन्हाळ्यांत पुण्याहून आलेल्या एका आप्तांनीं ही कादंबरी आमच्या घरीं टाकिली. तिचें पुट्ठ्याचें वेष्टण गेलेलें होतें व पहिलीं चार पानेंही नव्हतीं. आमचें वय तेव्हां बारा वर्षांचें. दुपारच्या वेळीं माजघरांत आई, काकू व शेजारच्या दोघी-तिघी निवडण-टिपण घेऊन बसत, आणि आम्हीं त्यांस पुस्तक वाचून दाखवावें असा नेम पडला. आत्याआजी खांबाशीं टेकून वाती वळीत असत. कादंबरी हा वाङ्मयप्रकार त्यांस मुळींच मान्य नव्हता. “ज्यांत देव नाहीं आणि राजा नाहीं, तें ऐकून करावयाचें काय?” असें त्या म्हणत. पण वातींचा डबा त्यांनीं दुसरीकडे नेला नाहीं.

पहिले काहीं दिवस त्या ऐकतात कीं नाहीं हेंच कळत नसे. दुर्गीची हकीकत आली तेव्हां पहिल्यानें त्यांच्या तोंडून हुंकार निघाला. रघुनाथराव आले, यमूच्या शिकण्यास उत्तेजन देऊं लागले, तिच्याशीं बरोबरीच्या नात्यानें बोलूं लागले, तेव्हां मात्र त्यांस राहवेना.

“असा नवरा कुणाचा असतो का गं?” त्यांनीं काकूंस विचारिलें.

काकू हंसल्या. “पुस्तकांत असतो, आत्या.”

“मग तो मरणार.”

आम्ही पुढचें पान पाहून ठेविलें नव्हतें, त्यामुळें आम्हांस तें खरें वाटलें नाहीं. पुढें तसेंच झालें. त्या दिवशीं वाचन लवकर थांबलें व कोणी कांहीं बोललें नाहीं.

मग तें प्रकरण आलें. आम्हांस पुरतें कळत नव्हतें. पण वाचतां वाचतां माजघरांतली हालचाल बंद झाली आहे, सुपांतले तांदूळ वाजत नाहींत, एवढें कळलें. वर पाहिलें तों आई डोळ्यांनीं खूण करीत होती कीं, पुरे कर. आम्हीं पुस्तक मिटलें. आत्याआजींचे हात मात्र चालूच होते. त्या म्हणाल्या, “वाच रे. थांबलास कां?” आईनें, उद्यां वाचील, त्याचा घसा बसला आहे, असें कांहींसें सांगितलें. त्यावर त्या शांतपणें म्हणाल्या, “माझें झाल्यास पंचावन्न वर्षें झालीं. आतां तिचें ऐकून मला काय व्हावयाचें आहे? वाच.”

आम्हीं वाचलें. संपल्यावर त्यांनीं एकच प्रश्न विचारिला. “न्हाव्याचें नांव दिलें आहे का?”

तें कांहीं आम्हांस पुस्तकांत सांपडलें नाहीं. आत्याआजींनीं मग आपल्या न्हाव्याचें नांव घेतलें. आम्ही तें येथें देत नाहीं, कारण त्याचे वंशज गांवांत आहेत. त्या म्हणाल्या कीं, तो परसदारीं आला तेव्हां त्याच्या बरोबर त्याचा लहान मुलगा होता; मुलाला त्यानें कुंपणाबाहेर उभें केलें. त्याचा हात असा कांपत होता कीं, दोन ठिकाणीं लागलें. तो नाहीं म्हणता, तर त्याचें बलुतें गेलें असतें. पुढें खळ्यावर बलुतें न्यावयास तो दरसाल येई. पण त्या दिवसानंतर त्यानें मान वर करून त्यांच्याकडे कधीं पाहिलें नाहीं. “त्याला वाटे, मी त्याला शिव्याशाप देतें,” आत्याआजी म्हणाल्या. “मी कशाला देऊं?”

या ठिकाणीं एक ऐतिहासिक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या १८९० सालीं यमूची कथा छापली जाऊं लागली, त्याच सालीं मुंबईंत सत्यशोधक पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हाव्यांची सभा भरली आणि यापुढें विधवांचें केशवपन करावयाचें नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. सुधारक व सनातनी यांचे शास्त्रार्थ चालू असतां, ज्याच्या हातांत वस्तरा होता त्यानेंच तो खालीं ठेवण्याचें मनांत आणावें, ही गोष्ट आमच्या मतें त्या काळच्या कित्येक व्याख्यानांहून मोठी आहे. पण मुंबईचा न्हावी रोख पैशावर जगे, सुप्याचा बलुत्यावर. १८७५ सालीं सावकाराची हजामत सोडावयास गांव न्हाव्याच्या पाठीशीं होतें. १९०२ सालीं आमच्या परसदारीं तो एकटा होता.

आणि कुणब्यास जाळावयास कागद तरी होता. आत्याआजींच्या वडिलांनीं तो जळतांना पाहिला होता.

वडिलांचा विषय निघाला तो दुसऱ्या दिवशीं. आमच्या काकू शंकरमामंजींच्या नांवानें बोटें मोडीत होत्या, आणि तें साहजिकच होतें. हरिभाऊंनीं तें पात्र असें रंगविलें आहे कीं, वाचणाऱ्याच्या तळव्याची आग मस्तकास जावी. बाहेरून धर्माचा दिमाख, आंतून ढोंग. आत्याआजी बराच वेळ ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मामंजी वाईट होते, म्हणून तिचें झालें, असें त्यानें लिहिलें आहे. माझे वडील वाईट नव्हते.”

कोणी कांहीं उत्तर दिलें नाहीं. त्या पुढें म्हणाल्या कीं, वडिलांनींच त्यांस आर्या शिकविल्या. सासरहून आणावयास ते स्वतः गाडी घेऊन गेले, प्लेगाच्या गांवांत कोणी शिरत नसतां. तीन वर्षें लोकांचें बोलणें त्यांनीं अंगावर घेतलें. घरच्या कार्यास पंक्तीला कोणी बसेना, धाकट्या बहिणीचें लग्न जमेना, तेव्हां एके दिवशीं सकाळीं ते ओसरीवर जाऊन बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहींत. त्या दिवशीं व दुसऱ्या दिवशीं ते जेवले नाहींत. “तिसऱ्या दिवशीं मीच पान वाढलें,” आत्याआजी म्हणाल्या.

आम्हीं पुढें साहित्याचें थोडेंबहुत वाचन केलें, हरिभाऊंवरील टीकालेखही पाहिले. त्यांत या कादंबरीचे दोष सांगितले आहेत. साप्ताहिकाच्या पोटापायीं आलेला पाल्हाळ, रघुनाथरावांचा अतिरेकी सज्जनपणा, मामंजींचा अतिरेकी दुष्टपणा. हे आक्षेप खरेच आहेत. पण सुप्याच्या माजघरांत एका निरक्षर बाईनें जो आक्षेप घेतला, तो आम्हांस अन्यत्र त्या धारेचा आढळला नाहीं. दुष्ट माणसानें केलेलें दुष्कृत्य पाहून वाचक हळहळतो, आणि आपल्या घरांत तसला दुष्ट नाहीं असें पाहून पुस्तक मिटतो. भल्या माणसानें, मुलीवर जीव असलेल्या बापानें, दोन दिवस उपाशी राहून तेंच करावें, याची कादंबरी लिहावयाची राहूनच गेली. हरिभाऊंना तें सुचलें नसेल असें नाहीं. परंतु १८९० सालीं वाचकाचें मन हलवावयाचें, तर त्याच्यापुढें कोणी तरी शिव्या देण्याजोगा उभा करणें त्यांस भाग वाटलें असावें.

कादंबरी संपत आली तेव्हां आत्याआजींनीं विचारिलें, “हें सारें तिनेंच लिहून ठेवलें ना?” आम्हीं शाळेंत शिकलेल्या ऐटीनें सांगितलें कीं, हें सर्व हरिभाऊ आपटे यांनीं लिहिलें. “म्हणजे पुरुषानें?” “होय.” त्या थोडा वेळ गप्प बसल्या. वात वळतांना थुंकीनें ओलें केलेलें बोट तसेंच राहिलें. “मग त्याला सांगितलें कुणी?”

या प्रश्नाचें पुरतें उत्तर आम्हांस आजही देतां येणार नाहीं. पण कांहीं धागे दिसतात. हरिभाऊंचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनीं १८८८ सालीं पुण्यांत आनंदाश्रम स्थापिला आणि पुढें त्याची व्यवस्था हरिभाऊंनीं पाहिली. संस्कृत ग्रंथांचीं शुद्ध संस्करणें काढणारी ही संस्था. स्मृतींचीं बाडें ज्याच्या डोळ्यांखालून जात, त्यानेंच यमू लिहिली. शास्त्र काय म्हणतें हें त्यास दुसऱ्याच्या तोंडून ऐकावें लागत नव्हतें. आगरकरांच्या विचारांचा त्यांच्यावर ठसा होता. काशीबाई कानिटकरांशीं त्यांचा स्नेह व पत्रव्यवहार तर प्रसिद्धच आहे. स्वतः लेखन करणाऱ्या, पदरचें शिक्षण चोरून-लपून मिळविलेल्या त्या बाईंकडून माजघरांतल्या किती गोष्टी त्यांस कळल्या असतील! त्यांच्या आधीं तेहतीस वर्षें, १८५७ सालीं, बाबा पदमनजी यांनीं ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचीं दुःखें मांडिलीं होतीं, आणि त्यांच्या नायिकेचें नांवही यमुनाच. पण त्या यमुनेचीं दुःखें बहुतेक प्रवासांत पाहिलेलीं, दुसऱ्यांचीं आहेत. ती स्वतः विधवा होते ती ख्रिस्ती होऊन पुन्हां संसार मांडते. ती आपल्याशीं बोलत नाहीं. ग्रंथकार तिच्यातर्फें बोलतो. हरिभाऊंची यमू प्रथमपुरुषीं बोलते. आत्याआजींस ती बाई खरी वाटली याचें कारण आम्हांस हेंच दिसतें. ‘हरिविजया’ंत यशोदेचें दुःख श्रीधर सांगतो. यमूचें दुःख यमू सांगते, तेंही मध्येंच विषय सोडून, आठवेल तसें, जसें माजघरांत बायका सांगतात. ज्या पाल्हाळाबद्दल टीकाकार नाकें मुरडितात, त्या पाल्हाळानेंच आमच्या घरीं खात्री पटली.

पुस्तक ज्येष्ठांत संपलें. यमूचें नांव मात्र संपलें नाहीं. “यमूच्या दुर्गीसारखें तिचें व्हावयाचें,” असें आत्याआजी गांवांतल्या एखाद्या मुलीविषयीं म्हणत. कोणी मुंबईचें आलें, कीं गिरगांव केवढें आहे, तेथें बायका खरोखरच नवऱ्याबरोबर फिरावयास जातात का, हें त्या विचारीत; आणि पाहुणा भलतेंच कांहीं सांगूं लागला, तर यमूचा हवाला देऊन त्याचें बोलणें खोडीत. आई सांगत असे कीं, सासरहून आलेल्या एखाद्या भाचीविषयीं बोलावें तशा त्या बोलतात. आम्हांस वाटतें, भाची नव्हे, सोबतीण. साठ वर्षें त्यांस आपल्या वयाची व आपल्या स्थितीची बोलकी सोबतीण मिळालीच नव्हती. गांवांत दुसऱ्या दोघी आलवणांतल्या होत्या. पण त्या भेटल्या म्हणजे उपासतापासांचें बोलत. तें एक बोलणें तेवढें कोणी कोणाशीं काढीत नसे.

मग भाद्रपद आला. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशीं आमचे वडील उपाध्यायांबरोबर यादी करीत बसले होते. महालयांत आईबापांकडच्या पितरांखेरीज आप्त, गुरु, स्नेही यांसही पिंड देतात, व ज्यांचें मागें कोणी नाहीं अशांकरितां धर्मपिंड असतो, हें पुष्कळांस ठाऊक असेल. आत्याआजी दाराआडून म्हणाल्या, “अण्णा, एक पिंड यमूच्या नांवानें ठेव.”

वडील शाळामास्तर होते. त्यांस हंसावें कीं रागवावें कळेना. “आत्या, ती कादंबरींतली. ती मेली नाहीं, कारण ती जन्मलीच नाहीं.”

“मेली कीं. पोरानें वाचून दाखविलें.”

“अगं, तें लिहिलेलें आहे.”

“तुझ्या यादींत आहेत तेही लिहिलेलेच आहेत. तूं त्यांतला एक तरी पाहिला आहेस का? तिला मी पाहिल्यासारखें ऐकलें आहे. तिला मूलबाळ नाहीं. सासरचे करणार नाहींत.”

उपाध्याय वृद्ध होते. आम्हांस वाटलें, ते संतापतील. त्यांनीं पंचांग बाजूस ठेविलें व विचारिलें, “गोत्र काय?” रघुनाथरावांचें गोत्र पुस्तकांत दिलें आहे का, हें पाहण्याची कामगिरी आमच्याकडे आली. आम्हीं दिव्यापुढें बसून पानें चाळलीं. आम्हांस तें सांपडलें नाहीं. तेव्हां उपाध्याय म्हणाले कीं, ज्याचें गोत्र ठाऊक नाहीं त्यास काश्यप गोत्र लावावें, अशी सोय शास्त्रानेंच केली आहे. दुसऱ्या दिवशीं इतर पिंडांच्या शेजारीं एक लहान पिंड ठेवला गेला. वडिलांनीं नांव उच्चारतांना आवाज खालीं आणिला होता. आत्याआजींस पूजेच्या जागीं येण्याचा अधिकार नव्हता. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड उभ्या होत्या. पुढें दरसाल हा क्रम चालला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून त्यांत कोणास कांहीं विशेष वाटेनासें झालें.

केशवपनाची चाल आतां गेली, असें आपण म्हणतों आणि तें खरेंही आहे. पण २०२२ सालच्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवच्या ग्रामपंचायतीनें पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढणें या चाली बंद करण्याचा ठराव केला व राज्य सरकारनें तो इतर ग्रामपंचायतींपुढें कित्ता म्हणून ठेविला, हें वर्तमान वाचलें तेव्हां आम्हांस आधीं आठवली ती यमू, आणि तिच्यामागून ओसरीवर बसलेले आमचे पणजोबा. त्यांची छबी आमच्याकडे आहे. पागोटें, उपरणें, आणि चेहरा अत्यंत सौम्य. हेरवाडच्या सभेंत हात वर करणाऱ्यांत अशाच सौम्य चेहऱ्यांचे बाप असतील. त्यांना पंक्तीस कोणी एकटें पाडलें नाहीं, कारण हात सर्वांनीं मिळून वर केला.

आत्याआजी १९६३ सालीं मार्गशीर्षांत गेल्या. दुखणें चार दिवसांचें. आजोबा त्यांच्या आधींच वारले होते. उपाध्यायही आतां जुन्यांचे चिरंजीव होते. त्यांनीं अग्नि देतेवेळीं गोत्र विचारिलें. विवाहित स्त्रीचें गोत्र सासरचें. आणि आत्याआजींच्या सासरचें गोत्र घरांत कोणासच सांगतां येईना. भीमेकांठचें तें घर प्लेगांतच बसलेलें. आजोबांस तें ठाऊक असेल. आत्याआजींस ठाऊक होतेंच, पण त्यांस तें कोणीं कधीं विचारिलें नव्हतें. वडील थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनीं उपाध्यायांस काश्यप गोत्र सांगितलें.

पुढल्या भाद्रपदांत यादींत दोन नांवें खालींवर आलीं. उपाध्यायांच्या चिरंजीवांनीं सहज विचारिलें कीं, या दोघी बहिणी का? वडील होय म्हणाले.